बागेसाठी एक दगड

माझी बायको ग्लेनिस वारल्याची बातमी पेल्हम गावात पसरली, तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. ठणठणीत होती. त्याच दिवशी सकाळी तिने मला दोनदा झापलंही होतं, एकदा चिखलाच्या बुटांवरून आणि एकदा सहज.

बातमी पसरवणाऱ्यांना मी दोष देत नाही. सगळा घोळ दगडाचा. आणि दगड मीच विकत घेतला होता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या हॅरिगन बेटावर ही हकिकत ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी आहे आणि प्रत्येकीत मी थोडा जास्त मूर्ख ठरतो.

झालं असं की, आमच्या प्रांतात, म्हणजे न्यू ब्रन्सविकमध्ये, थडग्यांचे दगड कोरणारा डॉयल नावाचा एक चांगला कारागीर आहे. त्याने धंदा बंद करायचं ठरवलं. मी बेटावरच्या शाळेत आयुष्यभर उपमुख्याध्यापक होतो आणि कुठलंही काम शेवटच्या घटकेपर्यंत लोंबकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मरण हे त्यातलंच एक काम. म्हणून मी डॉयलकडे आमच्या दोघांचा एक जोडदगड सांगून टाकला. करडा ग्रॅनाइट, वर माझं नाव आणि हुद्दा, खाली तिचं नाव, जन्मसालं कोरलेली, पुढच्या सालांची जागा मोकळी. सगळ्यात खाली मी स्वतः रचलेली ओळ होती: ‘याच बेटावर जन्मलो, याच मातीत विसावलो.’ ओळ मला फार आवडली होती. अजूनही वाईट आहे असं मला वाटत नाही.

ग्लेनिसला मी काही सांगितलं नव्हतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लोक बायकोला बांगडी देतात. पण बांगडी किती दिवस टिकणार? तिने विचारलं, “पिकअप घेऊन कुठे निघालास?” मी म्हणालो, “बागेसाठी एक दगड आणतो.” दफनभूमी ही एका अर्थी बागच असते. निदान गाडीत बसताना मला तसं वाटलं होतं.

आता आमच्या बेटाची अडचण अशी की, उन्हाळ्यातली फेरीबोट बंद असली की आमच्याच प्रांताच्या मुख्य भूमीवर जायला आम्हाला परदेशातून जावं लागतं. बेटावरून एकच पूल निघतो आणि तो उतरतो अमेरिकेत, मेन राज्यातल्या पेल्हम गावात. तिथून तासभर मेनमधून गाडी हाकायची, पुन्हा सीमा ओलांडायची, की आपला प्रांत. येताना तोच उलटा प्रकार. डॉक्टरकडे जा, दात काढायला जा, नाहीतर दगड आणायला जा, वाटेत परक्या देशाला तोंड दाखवल्याशिवाय सुटका नाही.

निघण्याआधी शेजारच्या ऑल्टनने कुंपणावर कोपरं टेकवून मला सल्ला दिला. ऑल्टनने आयुष्यभर लॉब्स्टर धरले आणि तो जन्मात कधी सीमेवर खरं बोलला नाही, असं तोच सांगतो.

“मास्तर, दगड उघडा आणू नका,” तो म्हणाला. त्याला मी ‘उपमुख्याध्यापक’ हा शब्द अनेकदा शिकवून पाहिला आहे. “थडग्याचा दगड दिसला की माणसं प्रश्न विचारतात. ताडपत्री टाका. वर एखादी जुनी गादी टाका. गादी बघून कोणी काही विचारत नाही.”

“मी काही चोरून आणत नाहीये.”

“तेच तर. चोरून आणणारा नीट झाकून आणतो, म्हणून सुटतो. आणि तुम्ही बोलताना जरा कमी बोला. एक प्रश्न, एक उत्तर. तुम्ही उत्तराला धडा जोडता.”

मी गादी घेतली. हे मी नाकारत नाही.

डॉयलकडून दगड चढवून मेनमध्ये शिरताना पहिल्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “मागे काय आहे?” मी एक प्रश्न, एक उत्तर या नियमाने म्हणालो, “दगड.” “कसला?” “शोभेचा.” त्याने तसं लिहिलं, माल अमेरिकेतून नुसता पलीकडे जाणार आहे असा कागद हातात दिला आणि म्हणाला, बाहेर पडताना पेल्हमच्या नाक्यावर दाखवा. इतकं सरळ झालं की मला ऑल्टनबद्दल आदर वाटायला लागला.

पेल्हमच्या नाक्यावर एक नवा पोरगेला अधिकारी आला होता, बॅरेट. कुठल्याशा वाळवंटी राज्यातून त्याची बदली झाली होती. आमच्याकडचं धुकं त्याला मुळातच संशयास्पद वाटायचं. त्याने कागद वाचला, मग गादीकडे बघितलं.

“सर, दगडावर गादी कशाला?”

मी तयारीत नव्हतो. “ओरखडे पडू नयेत म्हणून,” मी म्हणालो.

“गादीवर की दगडावर?”

त्याने गादी काढायला लावली. मग ताडपत्री. मग तो वाकून वाचू लागला. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतल्या पहिल्याच गाडीत विल्मा बसली होती. विल्मा म्हणजे पेल्हमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, ग्लेनिसची शाळेतली मैत्रीण. ती काच खाली करून मान बाहेर काढून वाचत होती.

“ग्लेनिस कोण?” बॅरेटने विचारलं.

“माझी पत्नी.”

“मला वाईट वाटतं, सर.”

“वाईट वाटायचं कारण नाही. ती घरी आहे.”

“म्हणजे अजून पुरलेलं नाही?”

“अजून मेलेली नाही,” मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला असावा, कारण विल्माने पटकन काच वर घेतली. पण तिच्या कानावर फक्त शेवटचा शब्द नीट गेला नसावा, असं आता वाटतं.

बॅरेट एक पाऊल मागे सरकला. “पत्नी आजारी आहे का?”

“अजिबात नाही.”

“मग तिच्या मृत्यूची तयारी...”

“माझीही आहे की. वरचं नाव माझं आहे. वाचा. उपमुख्याध्यापक.”

“तिला या दगडाबद्दल माहीत आहे?”

इथे मी एक प्रश्न, एक उत्तर हा नियम पाळायला हवा होता. उलट मी त्याला आश्चर्याचा धक्का ही कल्पना समजावून सांगू लागलो. जसजसा समजावत गेलो तसतसा त्याचा चेहरा घट्ट होत गेला. बायकोला न कळवता, गादीखाली लपवून, शोभेचा म्हणून कागदावर चढवलेला, तिच्या नावाचा थडग्याचा दगड. त्याच्या जागी मी असतो तरी मला अटक केली असती.

त्याने ग्लेनिसला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“मॅडम, तुमचे यजमान एक दगड आणत आहेत, तुम्हाला कल्पना आहे?”

“हो, बागेसाठी,” ग्लेनिस म्हणाली. “फार मोठा आणलाय का त्याने? त्याला सांगा, मला ट्युलिपच्या वाफ्यात जागा हवीय.”

बॅरेटने माझ्याकडे बघितलं. “मॅडम, तुम्ही घरी सुरक्षित आहात का?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“बटाटे सोलतेय,” ग्लेनिस म्हणाली. “का?”

“घरातच राहा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. दगड उतरवून घेतला गेला. मला नाक्याच्या खोलीत, पाण्याच्या पिंपाशेजारच्या खुर्चीत बसवलं गेलं. ज्या शाळेत मी उपमुख्याध्यापक होतो तिथे दंगेखोर पोरांना मी नेमका अशाच खुर्चीत बसवत असे.

मधल्या काळात विल्मा बेटावर न जाता गाडी वळवून थेट चर्चमध्ये गेली होती. पेल्हममध्ये कोणी गेलं की बायका रडायच्या आधी ओव्हन पेटवतात. मॅकरोनीचे ट्रे, मक्याचा केक, ब्लूबेरी भरलेली पेस्ट्री, असं सगळं घेऊन तीन गाड्या पुलावरून बेटाकडे निघाल्या. आमच्या बाजूच्या नाक्यावर सोलांज असते. चांगली बाई, पण खाण्याच्या डब्यांबाबत तिचा कोणावर विश्वास नाही.

“एवढं अन्न कोणासाठी?” तिने विचारलं.

“ग्लेनिससाठी. म्हणजे तिच्या घरच्यांसाठी,” विल्मा डोळे पुसत म्हणाली. “बिचारी.”

सोलांजने त्याच सकाळी ग्लेनिसला दुकानात बघितलं होतं. शिवाय ट्रेमध्ये कोंबडी होती, आणि कोंबडी सीमेपलीकडून आणायला परवानगी लागते. तिने आमच्या घरी फोन केला. हे संभाषण मला पुढे ग्लेनिसकडून कळलं, आणि तिने ते बेटावरच्या प्रत्येकाला सांगितलं आहे.

“ग्लेनिस, सोलांज बोलतेय. तुझ्या मयताचं जेवण आलंय. कोंबडी घातलेली आहे. सोडू का?”

“माझ्या कशाचं?”

“पेल्हमच्या बायका आहेत. विल्मा रडतेय. तिला फोन देऊ?”

विल्माने फोन घेतला, पलीकडून ग्लेनिसचा आवाज ऐकला आणि तिच्या हातातला मॅकरोनीचा ट्रे सोलांजच्या टेबलावर पालथा पडला. मग सगळी हकिकत बाहेर आली: गादी, ताडपत्री, दगड, त्यावरचं नाव.

ग्लेनिसने बटाटे तसेच टाकले. ऍप्रन न काढता गाडी काढली आणि पूल ओलांडून पेल्हमच्या नाक्यावर आली. दारातून आत आली तेव्हा तिच्या हातात अजून बटाटे सोलायचं सोलाणं होतं. बॅरेट उठून उभा राहिला. जिवंत बाई बघून त्याला बरं वाटलं असेल, पण हातातलं सोलाणं बघून तो माझ्या आणि तिच्या मधे येऊन थांबला.

“दगड कुठे आहे?” तिने मला नाही, त्याला विचारलं.

त्याने मागच्या शेडमध्ये नेलं. मीही मागोमाग गेलो. ग्लेनिसने चष्मा वर केला, वाकून माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला, तिचं नाव वाचलं. मी तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा धक्का शोधत होतो. तिने शेवटची ओळ वाचली आणि ती सरळ झाली.

“मी याच बेटावर जन्मले?”

मी म्हणालो, “ते आपलं काव्यात्म आहे. ‘जन्मलो’ म्हणजे दोघं मिळून...”

“लॉइड, मी इथे जन्मले. या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. पेट्रोलपंपाच्या मागे अजून आमचं घर उभं आहे. तू तिथे मला मागणी घालायला आला होतास.”

“पण राहिलीस चाळीस वर्षं तिकडे.”

“राहिले. तिकडे पुरायला मी तुला कधी सांगितलं?”

बॅरेटने घसा खाकरला. “मॅडम, म्हणजे हा दगड तुमच्या संमतीशिवाय...”

“पूर्णपणे,” ग्लेनिस म्हणाली.

“मग मी तो सोडू शकत नाही. एका व्यक्तीची हरकत आहे.”

“हरकत आहेच,” ग्लेनिस म्हणाली. “ठेवून घ्या.” आणि ती तिच्या गाडीतून निघून गेली. मी माझ्या पिकअपमधून, नुसत्या गादीसह, तिच्या मागोमाग पूल ओलांडला. सोलांजने मला विचारलं, “सोबत जाहीर करण्यासारखा काही माल?” मी नाही म्हणालो. तिने कीव आल्यासारखं हात हलवून पुढे सोडलं.

पुढचे काही दिवस आम्ही ग्लेनिसच्या मयताचं जेवण जेवलो. कोंबडी वाया जाऊ नये म्हणून सोलांजने शेवटी सोडली होती. घरात बोलणं फक्त मीठ आणि पाव याबद्दल चाले. मी माझ्या मनाशी माझी बाजू भक्कम मांडत होतो. नवरा-बायको एका दगडाखाली असावेत यात वाईट काय? माझे आजोबा, वडील, आई, सगळे बेटावरच्या टेकडीवर आहेत. तिथून समुद्र दिसतो. मग एकदम मला संशय आला की ही सगळी विल्माची फूस आहे. मग वाटलं, पेल्हमवाल्यांना कधीपासूनच त्यांची माणसं परत हवी आहेत. एका उपमुख्याध्यापकाने असा विचार करू नये, पण केला.

ऑल्टन कुंपणाशी आला. “मास्तर, एक छिन्नी घ्या आणि शेवटची ओळ उडवा,” तो म्हणाला. “नाहीतर दगड उलटा करून पायरीला लावा. चांगला ग्रॅनाइट आहे.” मग तो आमच्या खिडकीकडे बघून, आवाज उतरवून, समजूत घालत म्हणाला, “फार मनाला लावून घेऊ नका. शेवटी ती पलीकडची आहे.”

तो अगदी प्रेमाने बोलला होता. ग्लेनिसच्या हातचा ब्रेड त्याने वर्षानुवर्षं खाल्ला आहे, त्याची बायको आजारी असताना ग्लेनिसने त्याच्या घरची भांडी घासली आहेत. आणि खिडकी उघडी होती.

मी आत गेलो. ग्लेनिस ट्युलिपचे कंद कागदावर वेगळे करत होती.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“चाळीस वर्षं ऐकतेय,” ती म्हणाली. “तुझ्या आईने चर्चमध्ये माझी ओळख करून दिली तेव्हा हाच शब्द वापरला होता. मी काही रागावले नाही. खरंच पलीकडची आहे. फक्त मेल्यावरही टेकडीवर सगळ्यांच्या मधे पलीकडची म्हणून पडून राहायचं, हे मला नको वाटतं. माझी आई पेल्हमच्या टेकडीवर आहे. मी दर मे महिन्यात तिला फुलं घेऊन जाते. तू गाडीत बसून रेडिओ ऐकतोस.”

“तू कधी ये म्हणाली नाहीस.”

“तू कधी उतरला नाहीस.”

मी काही तरी उत्तर देणार होतो. माझ्याजवळ उत्तरं नेहमी असतात. पण ती पुन्हा कंद निवडू लागली. मला वाटलं, ही बाई या घरात माझ्यासमोर बसून जुनी होत गेली आणि तिला कुठे झोपायचंय हे तिला न विचारता मी एका कारागिराला सांगून आलो.

“तुझ्या आईशेजारी किती जागा आहे?” मी विचारलं.

“कशाला?”

“मी तुझ्याशिवाय टेकडीवर पडून काय करू? ऑल्टन तिथेही येणार. माझ्या उजव्या हाताला त्याचीच जागा आहे.”

ती हसली नाही, पण कंद ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

पेल्हमच्या दफनभूमीची समिती चर्चच्या तळघरात भरते. अध्यक्ष मिसेस हॅस्केल. वय नव्वदीच्या आसपास, आणि बेटावरच्या माणसांबद्दलचं त्यांचं मत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. बेटवाले उसनी नेलेली होडी परत आणत नाहीत, असं ते मत होतं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

“तुम्ही तोच ना, दगडवाले?”

मी हो म्हणालो.

“ज्यांनी ग्लेनिस हंटलीला जिवंतपणी मारलं?” लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी त्या तिला माहेरच्याच आडनावाने ओळखत होत्या.

“गैरसमज झाला होता,” मी म्हणालो.

“तुमच्याकडे जागा नाही का? बेट बुडालं की काय?”

“जागा आहे. मला इथे हवी आहे.”

मिसेस हॅस्केल यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बॅरेटने गादीकडे बघितलं होतं तसंच. बाकीच्या दोन बायकांपैकी एक विल्मा होती. ती शपथेवर सांगते की त्या वेळी माझे कान लाल झाले होते. “आम्ही परक्यांना जागा देत नाही,” मिसेस हॅस्केल म्हणाल्या. “इथे ज्याचं कोणी माणूस असेल त्यालाच. तुमचं इथे कोण आहे?”

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं मी या गावातून दात काढायला, तेल भरायला, घाईघाईने आपल्या प्रांतात जायला गाडी हाकली होती. एकाही माणसाचं नाव सांगता येईना.

“मी आहे,” ग्लेनिस माझ्या मागून, दारातून आत येत म्हणाली.

मिसेस हॅस्केल यांनी रांगांचा नकाशा पुढे ओढला. मग त्या विल्माला म्हणाल्या, “लिही. हंटलींच्या रांगेत. पण कडेला.”

राहिला दगड. तो नाक्याच्या शेडमध्येच होता. शेवटची ओळ पेल्हमच्या एका माणसाकडून घासून घ्यायचं ठरलं. हुद्दा मात्र राहू दे, असं ग्लेनिसच म्हणाली. दगड आता मेनच्या हद्दीत आहे, टेकडी मेनच्या हद्दीत आहे, म्हणजे फक्त उचलून न्यायचा, अशी माझी समजूत होती. आम्ही दोघं पूल ओलांडून नाक्यावर गेलो. बॅरेटने जुना कागद काढला आणि मान हलवली.

“सर, हा माल इथून पलीकडे जाणार होता. आता इथेच राहणार म्हणता. मग ही आयात झाली. पहिल्यापासून करावं लागेल.”

मी चिडायला हवं होतं. पण दोन्ही बाजूंच्या सरकारांनी आणि एका कोंबडीने मला इतकं रगडलं होतं की चिडायला काही उरलं नव्हतं. तो प्रश्न विचारत गेला, आम्ही उत्तरं देत गेलो. दगड कोणाचा? आमच्या दोघांचा. मॅडमची संमती? आहे. त्याने तिला हे दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे पाठ करून. मग त्याने माझा पासपोर्ट उघडला आणि पुलावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो ते सवयीने विचारलं.

“आणि तुम्ही, सर? अमेरिकेत किती दिवस राहायचा विचार आहे?”

मी दगडाकडे पाहिलं. एक प्रश्न, एक उत्तर, पण ते एक उत्तर मला सुचेना. बॅरेटच्याही लक्षात आलं असावं. तो कानापर्यंत लाल झाला आणि शिक्का हातात धरून तसाच थांबला.

“आज संध्याकाळपर्यंत,” ग्लेनिस म्हणाली. “बटाटे उकडायला ठेवायचेत. पुढचं सावकाश बघू.”

त्याने शिक्का मारला.